स्पॅनिशमधला बाप

ताई, तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. गाईड लोक मिळून तुमच्यावर एक छोटं पुस्तक काढणार आहेत. परवा सर पुंडलिकनगरला माझ्या घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "उत्तमराव, तुम्ही पण दोन पानं लिहा." मी म्हणालो, सर, मी ड्रायव्हर माणूस, बारावीच्या पुढं गेलो नाही, मी काय लिहिणार. सर म्हणाले, "ती माझी बायको होती, पण गाडीत ती काय बोलायची ते मला कुठं माहीत आहे? ते तुम्हालाच माहीत." म्हणून लिहायला बसलो.

तुमच्या लेण्यांच्या अभ्यासाबद्दल बाकीचे लिहितील. मला ते जमणार नाही. बावीस वर्षांत मी वेरूळचं कैलास लेणं आतून चार वेळा पाहिलं असेल. तुम्ही आत, मी पार्किंगमध्ये. आपली जी काही ओळख झाली ती रस्त्यात झाली, आणि तीही गाण्यांमुळं.

पहिला दिवस आठवतो का? चिकलठाण्याच्या विमानतळावरून स्पेनचे चार पाहुणे घेतले होते. मी टुरिस्ट गाडीवर नवाच लागलो होतो. तुम्ही पुढच्या सीटवर बसलात, पर्समधून कॅसेट काढली आणि मला न विचारता लावली. बाईचा आवाज, भाषा कळायचं काम नाही, पण चाल एकदम ओळखीची. आमच्याकडं लग्नात बँडवाले तीच वाजवायचे, वरातीत मी स्वतः त्यावर नाचलो होतो. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "मॅडम, या लोकांनी आपलं गाणं चोरलं की."

तुम्ही इतक्या हसलात की मागचे पाहुणे विचारायला लागले. तुम्ही माझं वाक्य त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं, मग तेही हसले. मला वाटलं, पहिल्याच दिवशी नोकरी गेली. तुम्ही डोळे पुसले आणि समजावून सांगितलं, "हे गाणं मुळात इंग्रजी, उत्तमराव. जगभर गाजलं. मग त्याच बाईनं तेच गाणं स्पॅनिशमध्ये म्हटलं, त्या मुलखातल्या लोकांसाठी. चाल तीच, बाई तीच. आपल्या सिनेमावाल्यांनी ते नंतर उचललं."

त्या दिवशी दुपारी तुम्ही वेरूळहून परत गाडीत बसलात आणि तुमच्या तोंडून निघालं, "लई ऊन हाय बाई आज." मी गाडी चालवता चालवता तुमच्याकडं बघितलं. इतका वेळ फाडफाड स्पॅनिश बोलणारी बाई, आणि हे आमच्या वस्तीवरचं बोलणं. विचारलं तर तुम्ही लासूर स्टेशनच्या. तिथल्या मोंढ्यात तुमचे वडील एका अडत्याकडं दिवाणजी होते. आणि माझी वस्ती तिथून पाच किलोमीटर. बैलगाडीत कापसाच्या गाठोड्यावर बसून मी त्या मोंढ्यात आलेलो. म्हणजे तुम्ही परकराच्या वयात जिथं खेळलात, तिथंच मी बैलांना पेंड चारत उभा असेन. तेव्हापासून तुम्ही नुसत्या मॅडम राहिला नाहीत.

स्पॅनिश कसं शिकलात हे तुम्ही मला अजिंठ्याच्या रस्त्यावर सांगितलं होतं. कॉलेजसाठी लासूरहून रेल्वेनं रोज शहरात यायचं. परदेशी भाषांच्या वर्गात नाव घालायला गेलात तर फ्रेंचच्या जागा भरलेल्या. स्पॅनिशला तुम्हाला धरून तिघंजण. शिकवणारे सर सहा महिन्यांत गेले, पुस्तक एकच, तेही फाटकं. मग कुणीतरी तुम्हाला दोन कॅसेटी दिल्या. एकाच गायिकेच्या, एकीत इंग्रजी गाणी, दुसरीत तीच गाणी स्पॅनिशमध्ये. इंग्रजी तुम्हाला येत होतं. तुम्ही दोन्ही ऐकून वहीत समोरासमोर लिहून काढलीत, की इंग्रजीतल्या अमक्या ओळीला स्पॅनिशमध्ये अमकं म्हणतात. एक महिनाभर मेहनत केलीत आणि मग लक्षात आलं की अर्थ जुळतच नाहीत.

"इंग्रजीत ती बाई दार उघडं ठेवून बसलीय," तुम्ही सांगत होता. "तो येईल म्हणून. आणि स्पॅनिशमध्ये तीच बाई, त्याच चालीवर, सरळ दाराला कडी घालते."

"मग खरी कोणती?" मी विचारलं.

"दोन्ही खऱ्या. बाई एकच, दिवस वेगळा."

हे मला पटलं नाही, ताई. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. मी म्हणायचो, पहिलं जे लिहिलं ते खरं, नंतरचं म्हणजे कुणाच्या तरी मापाचा सदरा दुसऱ्याला घातलेला. तुम्ही म्हणायचात, तुमच्या वस्तीवरचं भजनी मंडळ सिनेमाच्या चालीवर विठ्ठलाची गाणी म्हणायचं, ते मग खोटं का? मी म्हणायचो, देवाचं आहे म्हणून चालतं. तुम्ही म्हणायचात, देवाला चालतं मग तुम्हाला का नाय? फुलंब्री गेली, सिल्लोड गेलं तरी आपलं हे चालूच. मागच्या पाहुण्यांना वाटायचं आपण भांडतोय. एका म्हाताऱ्या बाईनं तर काळजीनं तुमच्या खांद्यावर हात ठेवला होता.

तरी सवय लागली. कॅसेट गेली, सीडी आली, मग पेनड्राइव्ह आला. एकाही शब्दाचा अर्थ न कळता मला चाळीसेक स्पॅनिश गाणी पाठ झाली. प्रत्येक गाण्यात 'कोराझोन' यायचंच. तुम्ही म्हणालात, कोराझोन म्हणजे काळीज. मी म्हणालो, आपल्याकडं दिल आहे, जिगर आहे, काळीज आहे, हृदय आहे, या लोकांचं एकावरच भागतं? त्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणून तर सारखं वापरावं लागतं." अर्थ तुम्ही सांगायचात आणि गाणंही म्हणायचात. तुम्हाला सूर नव्हता, ताई. अजिबात नव्हता. हे मी बावीस वर्षं बोललो नाही, आज लिहितो. पण तुम्ही खिडकीवर बोटांनी ठेका धरून म्हणायला लागलात की परदेशातून थकून आलेली माणसं ताठ बसायची आणि तुमच्याबरोबर म्हणायची. घरापासून हजारो कोसांवर, सिल्लोडच्या पुढं उसाच्या ट्रॉलीमागं अडकलेली गाडी, आणि आत सगळे आपापल्या लहानपणचं गाणं म्हणतायत. असं मी किती वेळा पाहिलं.

आता जे लिहायचं ते लिहितो.

माझ्या मनूनं, मनीषानं, स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. मुलगा चिकलठाण्याच्या एका कंपनीत सुपरवायझर. नोकरी चांगली, व्यसन नाही. जातीचा नव्हता. मी नाही म्हणालो. सुमननं, माझ्या बायकोनं, पाया पडून सांगितलं, तरी मी नाहीच म्हणालो. मनू म्हणाली, "पप्पा, तुम्ही नुसतं येऊन बसा, काही करू नका." मी म्हणालो, "मला मुलगी एकच होती, आता ती पण नाय." हे वाक्य मी बोललो. ते दुसऱ्या कुणी बोललेलं नाही.

लग्नाच्या दिवशी मी मालकाकडून अजिंठ्याची फेरी मागून घेतली. सुमन एकटी गेली कार्यालयात. त्या फेरीला गाईड तुम्हीच होतात. मी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं. तुम्ही पण काही विचारलं नाही. तुम्हाला माहीत होतं हे मला पुष्कळ उशिरा कळलं. सुमननंच तुम्हाला फोन केला होता, त्यांच्याकडं लक्ष ठेवा म्हणून.

त्यानंतर अडीच वर्षं मी मनूचं नाव घेतलं नाही. पुंडलिकनगरहून चिकलठाणा किती लांब आहे? पंधरा-वीस मिनिटं. विमानतळावर पाहुणे घ्यायला मी आठवड्यातून चारदा तिच्या घरावरून जायचो. कुठली इमारत, कितवा मजला, सगळं मला ठाऊक होतं. गॅलरीत साड्या वाळत असायच्या. मी गाडी हळू करायचो नाही. उलट जोरात काढायचो.

मग तो वेरूळहून परत येतानाचा दिवस. पाहुणे खुलताबादला दुसऱ्या गाडीत बसले होते, गाडीत आपण दोघंच. दौलताबादच्या घाटात तो अरुंद दरवाजा आहे, तिथं समोरून बस घुसली आणि दोन्हीकडं गाड्या तुंबल्या. पेनड्राइव्हवर ते संथ गाणं लागलं होतं, एका भरदार आवाजाच्या माणसाचं. तुम्ही आवाज वाढवलात.

"याचा अर्थ तुम्ही कधी विचारला नाय, उत्तमराव."

"काय आहे?"

"बापाचं गाणं आहे. इंग्रजीत बाप पोरीला निरोप देतो. उपदेश करतो, जाशील तिथं नीट रहा, असं वागू नको, तसं वागू नको."

"आणि स्पॅनिशमध्ये?"

तुम्ही समोर बघत बोलत होता. "स्पॅनिशमध्ये बाप उपदेश करत नाय. तो म्हणतो, तू निघालीस तेव्हा मी दारात उभा राहिलो नाय. माझं तोंड दुसरीकडं होतं. आता मी रस्त्यात आहे, मला चालायला वेळ लागतोय. माझं ताट वाढू नको, पण झाकून ठेव."

मी इंजिन बंद केलं. मला लई राग आला, ताई. मी म्हणालो, "सुमननं सांगितलं का तुम्हाला हे बोलायला?" तुम्ही म्हणालात, "गाण्यात आहे ते सांगितलं." मी म्हणालो, "गाईड आहात, लेण्यांचं सांगा. माझ्या घरात येऊ नका." मागून हॉर्न वाजत होते. दरवाजा मोकळा झाला, मी गाडी काढली. थेट तुमच्या घरापाशी आणली. तुम्ही उतरताना रोजच्यासारखं "सावकाश जा" म्हणालात आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. पुढचे काही दिवस मी तुमच्या फेऱ्या दुसऱ्या ड्रायव्हरला दिल्या. त्या दिवसांबद्दल मी तुमची माफी कधी मागितली नाही. ती इथं मागतो.

पण गाणं डोक्यातून जाईना. भाषा कळत नव्हती तेव्हा बरं होतं. आता प्रत्येक ओळीला मी तुमचे शब्द जोडायला लागलो. इथं म्हणतोय, तोंड दुसरीकडं होतं. इथं म्हणतोय, रस्त्यात आहे. गाडीत एकटा असलो की तेच लावायचो. तीन आठवडे गेले असतील. एका सकाळी पाहुण्यांना विमानतळावर सोडलं आणि परत येताना त्या इमारतीखाली गाडी थांबवली. तिसऱ्या मजल्यावर गेलो. मनूनं दार उघडलं. तिनं काही विचारलं नाही, का आलात, इतके दिवस कुठं होतात, काही नाही. म्हणाली, "या पप्पा. नाश्ता करता ना?" आणि आत पोहे परतायला गेली. मी सोफ्यावर बसलो. जावई कामावर गेलेले. मी पोहे खाल्ले, पाणी प्यालो, "येतो" म्हणालो. माफीचा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. पुढच्या रविवारी सुमनला घेऊन गेलो. मग जाणंयेणं सुरू झालं, मग नात झाली. सगळं सुरळीत झालं. माझं मलाच वाटायचं, उत्तम, तू हिंमत केलीस.

यानंतर जे झालं ते तुम्हाला सांगायचं राहिलं.

चार वर्षांपूर्वी कोलंबियाचे एक म्हातारे गृहस्थ आले होते, पांढऱ्या मिशा, हातात काठी. तुम्ही बाकीच्यांना घेऊन पाणचक्कीत गेला होतात, त्यांचे पाय दुखत होते म्हणून ते गाडीत बसून राहिले. मी गाणी लावली. बापाचं गाणं लागलं तसे ते हसायला लागले आणि मांडीवर थाप मारत म्हणायला लागले. मला आश्चर्य वाटलं. माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत मी विचारलं, हे बाप आणि मुलीचं गाणं ना? ते म्हणाले, नाही नाही, हे कोळ्याचं गाणं. एक कोळी असतो, तो त्याची जुनी होडी विकतो, आणि ती दुसऱ्याच्या हातात जाताना बघून रडतो. त्यांच्या गावच्या जत्रेत हे गाणं म्हणायचे. मी दोनदा विचारलं. मुलगी नाहीच? त्यांनी हातानं होडीचा आकार काढून दाखवला. होडी.

तुम्ही पाहुण्यांना घेऊन बाहेर आलात, उन्हातून, डोक्यावर ती फिकट ओढणी. मी दार उघडलं. तुमच्याकडं बघत राहिलो. तुम्ही म्हणालात, "काय झालं? पाणी संपलं का?" मी म्हणालो, "नाय, आहे."

खरं सांगतो, पहिल्यांदा मला फसवल्यासारखं वाटलं. बाकीच्या चाळीस गाण्यांचं काय मग? कडी घालणारी ती बाई तरी खरी का? दोन दिवस मी हाच विचार करत होतो. तिसऱ्या दिवशी नात माझ्या मांडीवर झोपली होती. तिच्या केसांना तेल लावलेलं, सगळं माझ्या शर्टाला लागलेलं. मी म्हटलं, जाऊ दे. विचारलं तर ताई खरं सांगतील, आणि एकदा त्यांनी खरं सांगितलं की ते गाणं कायमचं होडीचं होईल.

तुमच्या आजारपणात मी तुम्हाला दवाखान्यात न्यायचो. तेव्हा तुम्ही मागच्या सीटवर आडव्या व्हायचात, पुढची सीट रिकामी. सर तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसायचे. एकदा सर औषधं आणायला उतरले होते. मी आरशात बघून म्हणालो, "ताई, ते बापाचं गाणं."

तुम्ही डोळे उघडलेत. "काय त्याचं?"

मी सगळं बोलणार होतो. कोलंबियाचे म्हातारे, होडी, सगळं. तुमचा चेहरा इतका लहान झाला होता. मी म्हणालो, "काही नाय. चांगलं आहे."

"व्हय," तुम्ही म्हणालात, अगदी लासूरच्या मोंढ्यातल्यासारखं. "मला पण लई आवडतं." मग तुम्ही हसलात, का दुखलं म्हणून तोंड वाकडं केलंत, ते मला आरशात नीट दिसलं नाही. तुम्हाला कळलं होतं का, ताई? मला कळलंय हे तुम्हाला कळलं होतं का? तेवढं एक राहिलं. सर औषधं घेऊन आले आणि मी गाडी सुरू केली.

तुमच्या तेराव्याला मनू माझ्याबरोबर आली होती. तुमच्या फोटोसमोर ती इतकी रडली की सुमनला नवल वाटलं. तुम्ही दोघी भेटला किती वेळा होतात, चार-पाचदा? दुपारी मी तिला घरी सोडायला निघालो. जालना रोडला सिग्नलवर थांबलो तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"माझ्या लग्नाच्या दिवशी तुम्ही आत का नाय आले?"

"आत म्हणजे?"

"कार्यालयात. बाहेरच बसून होते ना तुम्ही गाडीत. ताईंनी सांगितलं होतं मला."

सिग्नल सुटला. मी गाडी पुढं नेऊन कडेला घेतली. मग तिनं सगळं सांगितलं. मी तिच्या घरी पहिल्यांदा गेलो त्याच्या आठ दिवस आधी तुम्ही रिक्षा करून तिच्याकडं गेला होतात. मी तुमच्याशी बोलत नव्हतो त्या दिवसांत. तुम्ही तिला सांगितलंत, तुझे वडील त्या दिवशी कार्यालयासमोर रस्त्याच्या पलीकडं गाडी लावून बसले होते, अक्षता पडून गेल्या तरी हलले नाहीत. ते येतील, आले की काही विचारू नकोस, खायला दे. म्हणून तिनं काही विचारलं नव्हतं. म्हणून पोहे. आणि मी इतकी वर्षं ती माझी हिंमत समजत होतो.

मनू माझ्याकडं बघत होती. मला गप्प बसता आलं असतं, ताई. तुम्ही एवढं जुळवून दिलं होतं. पण तुमच्याच तेराव्याहून परत येत होतो, माझ्यानं झालं नाही.

"मनू, मी बाहेर नव्हतो," मी म्हणालो. "मी अजिंठ्याला गेलो होतो. फेरी मागून घेतली होती."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग म्हणाली, "तिथं काय करत होते?"

"काय करणार. फर्दापूरला पार्किंगमध्ये बसलो होतो."

"झोपले होते?"

"नाय गं. मुहूर्त साडेबाराचा होता ना. बारापासून घड्याळ बघत होतो. डबा पण उघडला नाय. ताई लेण्यांवरून परत आल्या तेव्हा तसाच बसलो होतो."

"किती वाजले होते?"

"तीन वाजून गेले असतील." मी स्टिअरिंगवरचे हात काढले. "यायला पाहिजे होतं मी. चुकलं माझं."

मनूनं पदरानं डोळे पुसले, मग पाण्याची बाटली उघडून आधी माझ्या हातात दिली.

"मग ताईंनी बरोबरच सांगितलं की," ती म्हणाली. "जागा तेवढी बदलली."